मुंबई ते लंडन अंतर ७,२१० किलोमीटर, मग तिकिटावर दहा तास कसे?

मृदगंध (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझी आई ऑक्टोबरच्या अखेरीस मुंबईहून लंडनला भावाकडे जाणार आहे. तिला एक औषध ठरावीक तासांच्या अंतराने घ्यावे लागते आणि तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे की प्रवासात घड्याळात किती वाजले हे पाहू नका, मागच्या मात्रेपासून किती तास उलटले ते मोजा. त्यामुळे पार्ल्याच्या घरातून निघाल्यापासून लंडनच्या घरी पोहोचेपर्यंत नेमके किती तास जातात, हे मला समजून घ्यायचे आहे.

अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळांवर दोन्ही विमानतळांमधले अंतर साधारण ७,२१० किलोमीटर दिसते. विमान ताशी ९०० किलोमीटरने जाते असे धरून भागाकार केला, तर आठ तास येतात. त्याच संकेतस्थळावर उड्डाणाची वेळ साडेआठ तास लिहिलेली आहे. तिकिटावर मात्र जाताना दहा तास आणि येताना नऊ तास आहेत. तिकिटावरच्या निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळांची नुसती वजाबाकी केली, तर पहाटे २ ला निघून सकाळी ६:३० ला पोहोचणार, म्हणजे साडेचारच तास! हा शेवटचा फरक दोन देशांच्या प्रमाणवेळेमुळे आहे हे मला कळते, पण आठ, साडेआठ, नऊ आणि दहा या चार आकड्यांपैकी कोणता कशासाठी धरायचा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

---

खगोलमित्र

आधी अंतराचा प्रश्न निकालात काढू, कारण तो या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे.

विमानतळांमधले अंतर म्हणून जो आकडा दिला जातो, तो पृथ्वीच्या पृष्ठभागावरून दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या मार्गाचा, म्हणजे बृहद्वृत्ताच्या कंसाचा असतो. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केलेले असतात. मुंबईचा बिंदू साधारण १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व येथे आहे, तर लंडनच्या हीथ्रो विमानतळाचा ५१.४७ अंश उत्तर आणि ०.४५ अंश पश्चिम येथे. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून त्रिकोणमितीचे सूत्र वापरले, की या दोन बिंदूंमध्ये जवळजवळ ६४.९ अंशांचा कोन मिळतो आणि त्यावरून ७,२१० किलोमीटर हे उत्तर येते. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे एखादे संकेतस्थळ थोडा वेगळा आकडा देईल, पण त्याने काही बिघडत नाही. वैमानिक हेच अंतर नॉटिकल मैलांत मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर, म्हणून हे अंतर सुमारे ३,८९० नॉटिकल मैल भरते.

ही रेषा कुठून जाते ते पाहण्यासारखे आहे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर आणि लंडनवर बोट ठेवून मध्ये दोरा ताणून पाहा. दोरा सौराष्ट्र ओलांडून थेट कराचीच्या जवळून जातो, पुढे बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचे दक्षिण टोक, कॉकेशस, क्रिमिया आणि युक्रेन असा वर चढत पोलंड-जर्मनीवरून लंडनला पोहोचतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर याच दोन शहरांमध्ये पट्टीने रेषा काढली, तर ती यापेक्षा बरीच दक्षिणेकडून जाते आणि प्रत्यक्षात लांबची असते. मुंबई–न्यूयॉर्कच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक होतो. तिथला सर्वांत जवळचा मार्ग मुंबईहून पश्चिमेला न जाता उत्तर-वायव्येला निघतो आणि आइसलँडच्या पूर्वेच्या समुद्रावर जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढून मग खाली उतरतो.

आता वर दिलेली देशांची यादी पुन्हा वाचा, म्हणजे पुढच्या अडचणीचा अंदाज येईल. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि ३० एप्रिलला भारतानेही तसेच केले. युक्रेनचे आकाश तर २४ फेब्रुवारी २०२२ पासून सर्वच नागरी विमानांना बंद झाले. संकेतस्थळ ज्या रेषेची लांबी सांगते, त्या रेषेवरून आपल्याकडच्या कंपनीचे विमान अशा वेळी उडूच शकत नाही.

---

निवृत्त_नियोजक

विमान कंपनीच्या उड्डाण नियोजन विभागात माझी नोकरी झाली, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मनापासून लिहावेसे वाटते. खगोलमित्र यांनी अंतर उत्तम समजावले आहे. मी वेळेबद्दल लिहितो.

तिकिटावरची वेळ ही हवेत उडण्याची वेळ नसते. दरवाजे बंद होऊन, चाकांपुढचे चोक (अडसर) काढून विमान जागेवरून हलले, त्या क्षणापासून ते पलीकडच्या विमानतळावर आपल्या जागी उभे राहून पुन्हा चोक लागेपर्यंतचा हा काळ असतो. त्याला आमच्याकडे ब्लॉक टाइम म्हणतात. अंतर सांगणारी संकेतस्थळे मात्र अंतराला एका ठरीव वेगाने भागतात आणि चढण्या-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवून मोकळी होतात. त्यांचे साडेआठ तास असे आले आहेत. त्यांना वारा माहीत नसतो, बंद असलेले आकाश माहीत नसते आणि मुंबईची धावपट्टीही माहीत नसते.

मृदगंध ताई, आपण हे दहा तास एकदा हाताने मांडून पाहू. पुढचे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत, कारण प्रत्यक्षात ते रोज बदलतात.

विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. पश्चिमेकडे जाताना संपूर्ण मार्गावर सरासरी ६० किलोमीटरचा समोरचा वारा धरा. म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी ८४० उरला. ७,२१० किलोमीटरांना ८४० ने भागले की ८ तास ३५ मिनिटे येतात. कराचीवरून जाता येत नाही म्हणून विमान आधी अरबी समुद्रावरून मस्कतच्या दिशेने पश्चिमेला जाते आणि मग उत्तरेकडे वळते. या वळशाचे ४०० किलोमीटर धरले, तर आणखी २९ मिनिटे लागतात. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची दहा मिनिटे. मुंबईत जागेवरून मागे ढकलून धावपट्टीपर्यंत जायला आणि रांगेत थांबायला वीस मिनिटे, हीथ्रोला उतरल्यावर टर्मिनलपर्यंत पंधरा मिनिटे आणि तिथे उतरण्यापूर्वी आकाशात वाट पाहण्याची दहा मिनिटे. ही बेरीज ९ तास ५९ मिनिटे होते.

येताना तोच वारा पाठीशी येतो आणि वेग ताशी ९६० होतो. वळशासह ७,६१० किलोमीटरांना ७ तास ५६ मिनिटे लागतात. वरची बाकी पंचावन्न मिनिटे तशीच ठेवली, तर ८ तास ५१ मिनिटे होतात. आपल्या तिकिटावरचे दहा आणि नऊ तास असे आले आहेत.

प्रत्येक उड्डाणाआधी आम्ही वैमानिकाला जो आराखडा देत असू, त्यात हे सगळे ओळीओळीने छापलेले असते. एका ओळीत मार्गावरच्या एका बिंदूचे पाच अक्षरी नाव, त्याच्यापर्यंतचे अंतर, उंची, लागणारी मिनिटे, टाकीत उरणारे इंधन आणि वाऱ्याचा एक छोटासा आकडा असतो. त्या आकड्याआधी ‘एम’ असेल तर वारा समोरून आणि ‘पी’ असेल तर पाठीमागून. ‘एम ०४२’ म्हणजे ४२ नॉटचा (ताशी ४२ नॉटिकल मैलांचा) विरोधी वारा. लंडनकडे जाणाऱ्या आराखड्यात हिवाळ्यात पानेच्या पाने ‘एम’ दिसतात. अनुभवी वैमानिक कागद हातात घेतल्यावर आधी त्या रकान्यावरून नजर फिरवतो आणि मगच एकूण वेळ पाहतो.

---

घाटकोपरवासी

अतिशय उपयुक्त माहिती. एक शंका आहे. आमच्या गच्चीवरून दिवसभर विमाने उतरताना दिसतात. लंडन आणि दुबईकडून येणारी विमाने समुद्राच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून येणार. मग ती जुहूकडून सरळ उतरण्याऐवजी शहर ओलांडून ठाणे-नवी मुंबईच्या बाजूला जाऊन घाटकोपरवरून का उतरतात? हा वेळ वाया जात नाही का?

---

निवृत्त_नियोजक

विमान उतरताना आणि उड्डाण करताना वाऱ्याला तोंड करून असावे लागते. समोरचा वारा मिळाला की कमी वेगात पुरेशी उचल मिळते आणि धावपट्टीही कमी लागते. मुंबईत वर्षाचा मोठा काळ वारा समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि पावसाळ्यात तर तो जोरातच असतो. म्हणून मुख्य धावपट्टी बहुतेक वेळा पूर्वेकडून पश्चिमेकडे वापरतात. तिला ‘२७’ म्हणतात, कारण तिची दिशा होकायंत्रावर साधारण २७० अंश आहे. अशा वेळी पश्चिमेकडून आलेल्या विमानाला वळसा घालून पूर्वेला यावेच लागते. त्यात मिनिटे जातात, पण ती वेळापत्रकात आधीच धरलेली असतात.

मुंबईची खरी अडचण वेगळी आहे. इथे दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे वाहतूक चालवता येत नाही. व्यवहारात हा एका धावपट्टीचा विमानतळ आहे आणि तरीही त्याने एका दिवसात हजाराहून अधिक विमाने हाताळलेली आहेत. हे कौतुकास्पद आहे यात शंका नाही, पण याचा अर्थ असाही होतो की एखाद्या विमानाला धावपट्टी सोडायला अर्धा मिनिट उशीर झाला, तर त्याचा परिणाम मागच्या रांगेत डझनभर विमानांपर्यंत पोहोचतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने गर्दीच्या तासांतली मुंबईची उड्डाणे कमी करायला लावली, तेव्हा दिलेले कारण हेच होते. विमाने शहरावर ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालत होती आणि ४० मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १.७ किलोलिटर इंधन जळते, असे मंत्रालयाने त्या वेळी म्हटले होते.

पावसाळ्याच्या आधी आणि नंतर देखभालीसाठी धावपट्ट्या एखाद्या दिवशी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ पूर्ण बंद ठेवतात. ती तारीख आधी जाहीर होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रवास असेल, तर एवढे एक पाहून ठेवावे.

---

कांदिवलीकर

मला येथे थोडे वेगळे मत मांडायचे आहे. वेळापत्रकातली वेळ वारा आणि गर्दी यांमुळे वाढते हे मान्य, पण कंपन्या ती मुद्दाम वाढवूनही ठेवतात, असे माझे ठाम मत आहे. मुंबई–दिल्लीचेच पाहा. अंतर १,१३७ किलोमीटर आणि हवेतली वेळ पावणेदोन तासांच्या आत-बाहेर, पण वेळापत्रकात सव्वादोन तास. विमान पंधरा मिनिटे उशिरा निघूनही ‘वेळेत पोहोचलो’ अशी घोषणा होते. आमच्या घरच्यांचे एकदा याच्या उलट झाले. पहिले विमान कागदावर वेळेत होते, पण दिल्लीत गेट मिळेना म्हणून ते अर्धा तास टॅक्सीवेवर (धावपट्टी आणि टर्मिनल यांना जोडणाऱ्या वाटेवर) उभे राहिले आणि पुढचे विमान चुकले. प्रवाशाला खरी वेळ कळायला नको का?

---

निवृत्त_नियोजक

आपला मुद्दा पूर्ण चुकीचा नाही आणि तो टाळण्याचा माझा उद्देशही नाही.

वेळापत्रक करताना एखाद्या मार्गावर मागच्या हंगामात प्रत्यक्षात किती वेळ लागला, याच्या नोंदी काढतात. त्यांत एखादे विमान १ तास ५५ मिनिटांत पोहोचलेले असते, तर एखाद्याला २ तास ४० मिनिटे लागलेली असतात. यांतली सरासरी धरली, तर जवळजवळ निम्मी विमाने उशिराची ठरतील. म्हणून सरासरीपेक्षा वरची वेळ धरतात, म्हणजे दहापैकी सात-आठ विमाने तरी दिलेल्या वेळेत बसावीत. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत असलेले विमान ‘वेळेवर’ मोजले जाते आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय महानगरांच्या विमानतळांवरची ही टक्केवारी दर महिन्याला प्रसिद्ध करते. तिथे आपले नाव चांगले दिसावे असे प्रत्येक कंपनीला वाटते, हे मी नाकारत नाही.

पण उलट बाजूही आहे. वेळापत्रकात विनाकारण दहा मिनिटे जास्त ठेवली, तर ते विमान दिवसात एक फेरी कमी करते, आणि वैमानिक व कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची मर्यादाही लवकर गाठली जाते. म्हणून फुगवण्यालाही सीमा असते. आपल्या घरच्यांना झालेला त्रास मला समजतो. अशा प्रवासात दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असणे फार महत्त्वाचे असते, कारण मग पुढच्या विमानाची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दोन वेगळी तिकिटे काढली, तर ती जबाबदारी प्रवाशाची.

---

सह्यवारा

वाऱ्याबद्दल थोडी भर घालते. हवामानशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे.

काहींना वाटते की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली लंडन आपणहून जवळ यायला हवे. तसे होत नाही, कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या वातावरणात उडते. फरक पडतो तो वातावरणाच्या जमिनीच्या तुलनेतल्या हालचालीमुळे, म्हणजे वाऱ्यामुळे.

विमाने साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवरून जातात. हिवाळ्यात उत्तर भारत, इराण आणि अरबस्तानाच्या उत्तर भागावर या उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उपोष्ण जेट प्रवाह असतो आणि त्याच्या गाभ्यात वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर सहज जातो. लंडनकडे जाणारे विमान त्याला सामोरे जाते, येणारे विमान त्याच्यावर स्वार होऊन येते. पावसाळ्यात चित्र बदलते. हा प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर, १४ ते १६ किलोमीटर उंचीवर, उलट दिशेने वाहणारा पौर्वात्य जेट प्रवाह तयार होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५०च्या दशकात त्याचे वर्णन केले आणि मोसमी पावसाच्या अभ्यासात त्याला आजही मोठे स्थान आहे. विमाने त्याच्या खालून जातात, पण त्याच्या खालच्या कडेचा वारा त्यांना मिळतो.

याचा परिणाम मुंबई–दुबई या मार्गावर चांगला दिसतो. अंतर १,९२६ किलोमीटर आहे. हिवाळ्यात जाणे आणि येणे यांत अर्ध्या तासाचा फरक पडतो, तर जुलै-ऑगस्टमध्ये तो कमी होतो. लंडनच्या मार्गाचा युरोपातला भाग मात्र बारा महिने पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यात असल्यामुळे तिथला फरक कमी-जास्त होतो, पण नाहीसा होत नाही.

आणखी एक गंमतीची गोष्ट आहे. अनेकांना वाटते की जाताना गमावलेला वेळ येताना भरून निघतो, पण हिशेब तसा जुळत नाही. दुबईचेच अंतर घ्या. विमानाचा वेग ताशी ८४० आणि वारा १२० धरा. जाताना ७२० च्या वेगाने २ तास ४० मिनिटे लागतील आणि येताना ९६० च्या वेगाने २ तास, म्हणजे एकूण ४ तास ४० मिनिटे. वारा मुळीच नसता, तर दोन्ही फेऱ्या मिळून ४ तास ३५ मिनिटे झाल्या असत्या. विरोधी वाऱ्यात विमान जास्त काळ राहते, म्हणून तोटा नेहमी फायद्यापेक्षा मोठा असतो.

---

जुनी_मुंबई

धागा वाचून मुंबई–लंडन मार्गाचा इतिहास लिहिल्यावाचून राहवले नाही.

एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाले. विमान होते लॉकहीड कॉन्स्टेलेशन आणि त्याचे नाव ‘मलबार प्रिन्सेस’. ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत १० जूनला लंडनला पोहोचले. चार पंख्यांच्या इंजिनांचे ते विमान आजच्या जेटच्या जेमतेम निम्म्या-साठ टक्के वेगाने उडत असे आणि एवढे अंतर न थांबता कापणे त्याला शक्य नव्हते. १९६० मध्ये बोइंग ७०७ आली आणि त्याच वर्षी १४ मे रोजी लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. तेव्हापासून आजपर्यंत विमानाचा वेग फारसा वाढलेला नाही. मधले थांबे गेले, हीच वेळेची मोठी बचत.

खगोलमित्र यांनी ती रेषा कराचीजवळून जाते असे लिहिले, ते वाचून १५ ऑक्टोबर १९३२ ची आठवण झाली. जे. आर. डी. टाटा त्या दिवशी पस मॉथ या एका इंजिनाच्या विमानात टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले होते. इंग्लंडहून आलेले टपाल कराचीत मिळायचे आणि ते पुढे मुंबईला आणायचे, अशी ती व्यवस्था होती. तेव्हाही लंडन–मुंबई टपालाची वाट कराचीवरूनच जात होती.

---

विदर्भकन्या

लांबच्या मार्गाचा हिशेब समजला. जवळच्या मार्गाला तो लागू होतो का? मुंबई–नागपूर सरळ अंतर ६८५ किलोमीटरच्या आसपास आहे. ९०० ने भागले तर पाऊण तास येतो, पण तिकिटावर दीड तासाहून जास्त असतो. म्हणजे दुप्पट झाला की!

---

निवृत्त_नियोजक

जवळच्या मार्गावर हा भागाकार उपयोगाचा नाही, कारण विमान पूर्ण वेगाने फार थोडा काळ उडते. दहा हजार फुटांच्या खाली वेगावर २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर. पुढे वर चढायला वीस-पंचवीस मिनिटे आणि उतरायला तेवढीच लागतात. त्यात मुंबईत जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणे आणि रांग धरा. लंडनच्या दहा तासांत हा भाग दहावा हिस्सा असतो, नागपूरच्या प्रवासात तो निम्म्याहून जास्त असतो. शिवाय या मार्गावरची विमाने बहुधा ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पटीने उडतात, तर लंडनला जाणारी मोठी विमाने ०.८५ पटीने.

ज्यांना तुलना करायची आहे त्यांच्यासाठी: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते नागपूर रेल्वेचे अंतर ८३७ किलोमीटर आणि समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. विमानाचे सरळ अंतर आणि समृद्धीची लांबी यांत फारच थोडा फरक आहे, हे मला विशेष वाटते.

---

कांदिवलीकर

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. एक सूचना मृदगंध यांच्यासाठी. आता शोध घेताना ‘मुंबई’ लिहिले तरी नवी मुंबई विमानतळाची उड्डाणेही दिसतात. तिथून व्यावसायिक सेवा २५ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झाली. लंडनच्या अंतरात त्याने तीस-पस्तीस किलोमीटरांचाही फरक पडत नाही, पण पार्ल्याहून सहारला जाणे आणि उलव्याला जाणे यांत फार फरक आहे. तिकिटावर बीओएम (सहार) आहे की एनएमआय (नवी मुंबई), हे नक्की पाहावे.

---

मृदगंध (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिकिटावर बीओएम आहे आणि विमान टर्मिनल २ वरून सुटणार आहे, हे पाहून घेतले.

आता औषधासाठी हिशेब असा मांडला आहे. घरातून रात्री १०:१५ ला निघायचे, कारण सहार रोडला रात्रीही गर्दी असते आणि आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोहोचायला सांगतात. पहाटे २ ला विमान जागेवरून हलेल. दहा तासांनी, म्हणजे भारतीय वेळेनुसार दुपारी १२ ला, ते हीथ्रोला जागेवर उभे राहील. उतरणे, व्हीलचेअरची वाट, पासपोर्ट तपासणी आणि सामान यांसाठी दोन तास, आणि भावाच्या घरापर्यंत दीड तास. म्हणजे घर ते घर सव्वासतरा तास. आईचे मनगटी घड्याळ घरी पोहोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवणार आहे आणि औषधाच्या वेळा त्याच घड्याळाप्रमाणे एका कागदावर लिहून तो औषधांसोबत हातातल्या पिशवीत देणार आहे. मोठ्या बॅगेत काही ठेवणार नाही.

या हिशेबात काही राहिले आहे का?

---

निवृत्त_नियोजक

हिशेब चोख आहे. घड्याळ भारतीय वेळेवर ठेवण्याची कल्पना तर फारच चांगली. दोन गोष्टी जोडा.

सकाळी साडेसहाच्या सुमारास हीथ्रोला मोठी गर्दी असते. तिथे रात्री ११:३० ते सकाळी ६ या काळात विमानांच्या संख्येवर मर्यादा आहेत, त्यामुळे आशियातून आलेली बरीच विमाने पहाटे एकदम येऊन शहराभोवतीच्या चार प्रतीक्षा-क्षेत्रांपैकी एकात गोल फिरत उतरण्याची वाट पाहतात. मी दहा मिनिटे धरली होती, कधी ती वीस होतात. एक मात्रा नेमकी उतरण्याच्या वेळी येत असेल, तर आईंना ती कशी घ्यायची हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, कारण त्या वेळी पट्टा बांधून बसावे लागते आणि पाणी मागवता येत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळे एक तास मागे घेतात. त्याआधी भारत आणि लंडन यांच्यात साडेचार तासांचा फरक असतो, त्यानंतर साडेपाच. विमान कंपन्यांचे हिवाळी वेळापत्रकही त्याच दिवशी लागू होते. पहाटे २ ला निघून सकाळी ६:३० ला पोहोचणे आणि प्रवास दहा तासांचा असणे, हे साडेपाच तासांच्या फरकानेच जुळते. आईंचे विमान त्या रविवारच्या आधीचे आहे की नंतरचे?

---

मृदगंध (धागाकर्ती)

नंतरचे आहे, त्याच आठवड्यातल्या मंगळवारचे. भावाला आजच कळवते, म्हणजे विमानतळावर येण्याच्या त्याच्या हिशेबात तासाभराची चूक होणार नाही.